ताटातलं ब्रिटन

लंडनमध्ये मासे तळून विकण्याचा धंदा १९४०पर्यंत उपद्रवी धंद्यांच्या यादीत मोडत असे. हाडं उकळणारे, चरबी वितळवणारे, आतडी धुणारे यांच्या पंक्तीत मासे तळणाऱ्यांनाही बसवलं होतं. त्यात अन्याय होता असं म्हणता येत नाही. पुन्हापुन्हा तापवलेल्या चरबीचा वास गल्लीभर पसरे, कपड्यांना चिकटे आणि शेजारी वैतागत. आज याच ‘फिश अँड चिप्स’च्या पाटीवर युनियन जॅक रंगवलेला असतो आणि लंडनला गेलेला पाहुणा ‘अस्सल ब्रिटिश काहीतरी खायचंय’ म्हणून तिथंच जातो.

मासा पिठात घोळवून तेलात तळायची रीत मात्र इंग्लंडची नव्हे. स्पेनने १४९२मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं, पाठोपाठ पोर्तुगालनेही त्यांचं जगणं अशक्य केलं. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांतली काही कुटुंबं लंडनला येऊन स्थिरावली आणि आपला तळलेला मासा सोबत घेऊन आली. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच मासा तळून ठेवायचा आणि शनिवारी गार खायचा, ही त्यांची घरगुती सोय. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये डिकन्सने लंडनच्या बदनाम वस्तीत तळलेल्या माशांचं दुकान दाखवलं आहे. अलेक्सी सोये या फ्रेंच बल्लवाचार्याने १८५४मध्ये गरिबांसाठी स्वस्त पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात हा मासा ‘ज्यू पद्धतीचा’ म्हणूनच येतो. बटाटा तर दक्षिण अमेरिकेचा. या दोघांची गाठ पहिल्यांदा कुणी घातली यावर इंग्लंडच्या उत्तरेचं आणि दक्षिणेचं अजून एकमत नाही. लंडनकर १८६०च्या सुमाराचं जोसेफ मालिन या ज्यू स्थलांतरिताचं दुकान पुढे करतात, तर लँकेशरवाले मॉस्लीच्या बाजारातल्या जॉन लीसच्या टपरीचं नाव घेतात.

जोडी जमली ती चवीपेक्षा यंत्रांमुळे. वाफेवर चालणाऱ्या मासेमारी बोटी उत्तर समुद्रात लांबवर जाऊ लागल्या, पकडलेला मासा बर्फात घालून ग्रिम्स्बी आणि हलहून रेल्वेने रातोरात कारखान्यांच्या गावांत पोहोचू लागला. कापड गिरणीत दहा तास उभ्या राहिलेल्या बाईला घरी जाऊन रांधायची ताकद कुठून असणार? चार पेन्यांत, कागदात गुंडाळलेलं, व्हिनेगर शिंपडलेलं गरम जेवण कोपऱ्यावर मिळत होतं. १९१०च्या आसपास अशी सुमारे २५ हजार दुकानं होती. जॉर्ज ऑर्वेलने १९३७मध्ये लिहिलं की, ज्या स्वस्त सुखांनी इंग्लंडमधली क्रांती टाळली असेल त्यांत फिश अँड चिप्सही आहेत. दुसऱ्या महायुद्धात मांस, लोणी, साखर, चहा सगळ्यांवर रेशन आलं. सरकारने मासा आणि बटाट्याला तेवढा हात लावला नाही.

पदार्थ असा आपला झाला. आणि तळणारे? पूर्व युरोपातल्या छळातून पळालेले ज्यू लंडनच्या ईस्ट एंडला मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा त्यांना अडवण्यासाठी १९०५मध्ये परकीयांचा कायदा झाला. शांततेच्या काळात स्थलांतर रोखणारा आधुनिक ब्रिटनचा हा पहिला कायदा. स्कॉटलंडमध्ये हा धंदा मोठ्या प्रमाणावर इटालियन कुटुंबांच्या हातात होता. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री ग्लासगो-एडिंबरामध्ये जमावाने इटालियनांच्या दुकानांच्या काचा फोडल्या. आदल्या दिवशीपर्यंत चिप्स बांधून देणारे कर्ते पुरुष कैदेत गेले. त्यांतल्या अनेकांना कॅनडाला नेणारी ‘अरँडोरा स्टार’ ही बोट २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवली आणि चारशेहून जास्त इटालियन मेले. दुकानं पुढे चालू राहिली, बहुतेक ठिकाणी बायकांनी चालवली.

करीची कथा याच वळणाने जाते, फक्त जास्त लांबची. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७च्या पाकपुस्तकात ‘इंडियाच्या पद्धतीची’ करी आहे, म्हणजे प्लासीच्या लढाईआधी दहा वर्षं ती इंग्रज स्वयंपाकघरात पोहोचली होती. पाटण्यात जन्मलेल्या आणि कंपनीच्या फौजेबरोबर फिरलेल्या शेख दीन महोमेदने १८१०मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडलं. हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांसाठी तिथं वेताच्या खुर्च्या होत्या, हुक्का होता, मसालेदार जेवण होतं. दोन वर्षांत दिवाळं वाजलं, कारण अशा साहेबांच्या घरी त्यांचे स्वतःचेच खानसामे होते. गडी चिवट होता. ब्रायटनला जाऊन त्याने वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली, आणि राजा चौथा जॉर्ज त्याचं गिऱ्हाईक झाला.

करी सामान्य इंग्रजाच्या तोंडी गेली ती साहेबांमुळे नव्हे, खलाशांमुळे. ब्रिटिश आगबोटींच्या तळाशी कोळसा लोटणारे ‘लस्कर’ खलाशी पुष्कळसे सिल्हेटचे असत. भट्टीसमोरचं काम, गोऱ्या खलाशाच्या मानाने तुटपुंजा पगार. संधी मिळाली की त्यांतले काही लंडनच्या गोदीत उतरून गर्दीत नाहीसे होत. हॉटेलांत भांडी घासणं, बटाटे सोलणं, मग पैसे साठवून एखादा छोटा कॅफे. युद्धानंतर बाँबने खिळखिळी झालेली जुनी मासे-चिप्सची दुकानं स्वस्तात मिळत होती, ती त्यांनी घेतली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून चिप्स चालू ठेवल्या आणि शेजारी करीचं पातेलं चढवलं. पब बंद झाल्यावर भूक लागलेला इंग्रज रात्री अकरानंतर दुसरीकडे कुठे जाणार? ज्यांना जग ‘इंडियन रेस्टॉरंट’ म्हणून ओळखतं, त्या ब्रिटनमधल्या बहुसंख्य खानावळी बंगाली मुसलमानांनी चालवल्या. बांगलादेश झाल्यावरही पाटी ‘इंडियन’च राहिली.

त्या मुदपाकखान्यात एक युक्ती होती, आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. सकाळी पोतंभर कांदे सोलायचे, आलं-लसूण, थोडं गाजर, टोमॅटो, हळद घालून तासन्‌तास उकळायचे आणि गाळून एकच मोठं पातेलं मऊसर रश्श्याचं करून ठेवायचं. संध्याकाळी ऑर्डर आली की डावभर रस्सा कढईत. साय आणि नारळ पडला की ‘कोर्मा’, मसूर पडली की ‘धनसाक’, लाल तिखट वाढलं की ‘मद्रास’. पाच-सात मिनिटांत ताट टेबलावर. मद्रासच्या माणसाने ती ‘मद्रास’ ओळखली नसती आणि पारशीबाबाने तसल्या धनसाकावर खटला भरला असता. पण या यादीने इंग्रजाला तिखटाची एक शिडी दिली. कुठल्या पायरीवर आपण उभे आहोत हे तो मित्रांत अभिमानाने सांगू लागला.

१९ एप्रिल २००१ रोजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी एका भाषणात चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की टिक्का हिंदुस्थानचा, आणि मांसाबरोबर ग्रेव्ही हवीच या ब्रिटिश हट्टापायी त्यावर मसाल्याचा रस्सा आला. ग्लासगोच्या ‘शिश महल’चे अली अहमद अस्लम सांगत की कोंबडी कोरडी लागते अशी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली म्हणून आपण टोमॅटोचं सूप वापरून तो रस्सा केला. २००९मध्ये तिथल्या खासदाराने या पदार्थाला युरोपीय संघाकडून ग्लासगोचा म्हणून भौगोलिक मान्यता मिळावी, अशी खटपटही केली. ती फळाला आली नाही.

कुक यांच्या भाषणाला पुरते सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा ओल्डॅममध्ये गोऱ्या आणि दक्षिण आशियाई तरुणांत दंगल पेटली, पुढे बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये. गिरण्यांच्या याच गावांना पाकिस्तानी-बांगलादेशी कामगारांनी रात्रपाळीत चालतं ठेवलं होतं. गिरण्या बंद पडल्या आणि माणसं उरली. १९४८च्या कायद्याने साम्राज्यातल्या साऱ्या प्रजेला ब्रिटनचं दार उघडलं होतं. १९६२, १९६८ आणि १९७१मध्ये ते टप्प्याटप्प्याने ओढून घेतलं गेलं. नेमक्या त्याच वर्षांत करीची दुकानं गावोगाव पसरली. ब्रिटिश ताट नेहमीच ब्रिटिश संसदेच्या पुढे धावलेलं दिसतं. त्यावरून ब्रिटन उदार आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हेही पाहावं की ताटातला पदार्थ मत देत नाही, घर भाड्याने मागत नाही आणि बायकामुलांना बोलावून घेत नाही.

मग सुपरमार्केट आलं आणि खानावळीची पायरीही चढायची गरज राहिली नाही. इथं एक मुंबईकर येतो. गुलाम नून यांच्या घरचा मुंबईत मिठाईचा धंदा होता. ते लंडनला गेले, साउथॉलमध्ये मिठाई-फरसाण विकू लागले, आणि १९८९मध्ये तयार जेवणाचा कारखाना काढला. सेन्सबरीसारख्या दुकानांच्या थंड कपाटांतून त्यांचा टिक्का मसाला घरोघरी गेला. २००२मध्ये ते ‘सर’ झाले, पुढे लॉर्ड. पबमध्ये बिअरबरोबर वाटीतून येणारं ‘बॉम्बे मिक्स’ही लोकप्रिय करण्यात त्यांचा हात होता. मुंबईत त्या नावाने फरसाण मागून पाहावं, दुकानदार नुसता बघत राहील.

याच सुपरमार्केटच्या फळीवर एचपी सॉसची चौकोनी बाटली असते. नावातला ‘एचपी’ म्हणजे हाउसेस ऑफ पार्लमेंट, आणि लेबलावर थेम्सकाठच्या संसदेचं चित्र. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक गार्टन या किराणा दुकानदाराने हे नाव १८९५मध्ये नोंदवलं. आत चिंच आणि खजूर. आपल्या भेळेवरच्या चटणीचा हा दूरचा चुलतभाऊ, सांगितला तर इंग्रजाला पटत नाही. ही कंपनी आधी फ्रेंच दानोनकडे होती, २००५मध्ये अमेरिकन हाइन्झने घेतली; २००७मध्ये बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनचा कारखाना बंद करून उत्पादन नेदरलँड्सला नेलं. खासदारांनी आरडाओरडा केला. चित्र मात्र लेबलावर तसंच राहिलं, कारण विकलं जातं ते चित्रच. टेटली चहा २०००मध्ये टाटांकडे गेला, जग्वार-लँड रोव्हर २००८मध्ये, कॅडबरी २०१०मध्ये अमेरिकन क्राफ्टकडे. कॅडबरीच्या वेळी जेवढा राष्ट्रीय शोक झाला तेवढा टिक्का मसाला कुणाच्या कारखान्यात शिजतो यावर कधीच झाला नाही. परक्याने आणलेला पदार्थ आपला म्हणणं सोपं जातं. आपला पदार्थ परक्याच्या मालकीचा झाला की ब्रिटिशपणा दुखतो.

या साऱ्या यादीत सर्वांत गमतीदार प्रवास विंदालूचा. पोर्तुगीज खलाशी व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस घेऊन गोव्याला आले. गोंयकारांनी त्यात माडाचं व्हिनेगर आणि सुक्या मिरच्यांचा वाटलेला मसाला घातला, आणि तो नाताळाच्या जेवणाचा मानाचा पदार्थ झाला. आदल्या दिवशी केलेला दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. ब्रिटनच्या सिल्हेटी मुदपाकखान्यात डुक्कर बाद झालं, कोंबडी आली, ‘आलू’चा अर्थ बटाटा लावून बटाटेही पडले, आणि पब सुटल्यावर मर्दुमकी दाखवण्यासाठी मागवायचा जाळ एवढीच त्याची ओळख उरली. १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ‘फॅट लेस’ नावाच्या मंडळींनी ‘विंदालू’ नावाचं गाणं काढलं. ते विक्रीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं आणि इंग्लंडच्या पाठीराख्यांची घोषणाच बनून गेलं. सेंट जॉर्जचा क्रॉस गालावर रंगवून हजारो इंग्रज गोव्याच्या एका मटणाचं नाव स्टेडियममध्ये ओरडत होते.

खुद्द गोंयकार त्यानंतर आले. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व घेऊ देतो. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघात कुठंही काम. लिस्बनमध्ये राहण्याऐवजी बरेच जण थेट इंग्लंडला गेले, आणि लंडनच्या पश्चिमेला असलेलं स्विंडन हे जुनं रेल्वेगाव त्यांचं ठिकाण झालं. तिथं गोदामांत आणि कारखान्यांत नोकऱ्या होत्या. कोकणी तियात्रांचे प्रयोग होऊ लागले. २०१६च्या सार्वमतात स्विंडनने बहुमताने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. त्याच प्रचारात करी हाउसवाल्यांना सांगितलं गेलं होतं की युरोपीय मजुरांचा ओघ थांबला की बांगलादेशातून आचारी आणणं सोपं होईल. सिल्हेटी मालकांतल्या अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढे आचाऱ्यांसाठी पगाराची अट पाहून तेच सर्वांत जास्त चिडले. जपानी होंडाने स्विंडनचा मोटार कारखाना २०२१मध्ये बंद केला. २०२०च्या अखेरपर्यंत पोहोचलेल्या गोंयकारांना राहण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर येणाऱ्याच्या हातात पोर्तुगीज पासपोर्ट असला, तरी कामासाठी आधी व्हिसा लागतो.