न्यूयॉर्क स्कायलाइनर्स
अमेरिकेतील एक पूर्वीचे वरिष्ठ ड्रम-ब्यूगल पथक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांच्या आधाराने अशी पथके वाढली. त्यांतील न्यूयॉर्क शहराचे हे मानाचे पथक 1945 मध्ये सुरू झाले. कनिष्ठ पथकात 21 व्या वर्षानंतर वाजवता येत नसे. वरिष्ठ पथकाला वयाची अट नव्हती. त्यामुळे दिवसभर नोकरी करणारी माणसे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तालमीला येत.

त्या काळी या पथकांचा ब्यूगल जी सुरातला असे. त्याचा आडवा पिस्टन अंगठ्याने दाबायचा आणि रोटर दुसऱ्या हाताच्या बोटाने फिरवायचा. एवढ्या तुटपुंज्या सोयीवर जाझ आणि ब्रॉडवेच्या चाली वाजत. स्कायलाइनर्सची खरी ओळख न्यूयॉर्कवरच्या गाण्यांची. हाय ड्रायट्झर यांच्या वाद्यरचनांनी ब्यूगलांना मोठ्या जाझ बँडचा भरदार आवाज दिला, तर एरिक पेरिलू यांनी ढोल विभागाला शिस्त दिली. हे श्रेय या दोघांना निःसंकोच द्यायला हवे.

1960 च्या दशकात वरिष्ठ पथकांनी 'ड्रम कोअर असोसिएट्स' ही स्वतंत्र संघटना काढली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1965 मध्ये झाली. हे अजिंक्यपद स्कायलाइनर्सने एकाहून अधिक वेळा पटकावले. हॉथॉर्न कॅबालेरोस या शेजारच्या न्यू जर्सीतील पथकाशी त्यांची चुरस रसिकांच्या विशेष आठवणीत आहे. पुढे जुन्या वादकांनी माजी सदस्यांचे पथक उभारून तीच गाणी पुन्हा मैदानावर आणली. स्पर्धांच्या काळातील वादन फ्लीटवूड कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकायला मिळते.