पोटावरच्या रेघा

साल 1973. टोरोंटो, शेरबोर्न स्ट्रीटवरचं प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटल. तुम्ही टणक टेबलावर उताण्या झोपल्या आहात आणि तंत्रज्ञ मुलगी तुमच्या पोटावर शाईने आडव्या रेघा ओढते आहे. ओटीपोटापासून सुरुवात करून ती फासळ्यांवर पोचली, तरी थांबत नाही. दोन रेघांमधलं अंतर अडीच सेंटिमीटर. अंघोळीत पुसू देऊ नका, एवढं बजावते.

गर्भाशय, नळ्या, दोन्ही अंडाशयं ऑपरेशनमध्ये काढली. ओटीपोटाला किरण देऊन झाले. पुढचं चिठ्ठ्या टाकून ठरलं: काही बायकांना क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या, तुम्हाला सबंध पोटाला किरण. गाठ होती खाली, मग रेघा छातीपर्यंत कशाला?

कारण अंडाशयाचा कर्करोग एका जागी बसत नाही. पोटाच्या आतल्या अस्तरातलं पाणी सतत फिरत असतं, वर छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत, डायफ्रॅमपर्यंत चढतं. सुटलेल्या पेशी त्याच पाण्यातून जातात आणि डायफ्रॅमच्या खालच्या अंगाला मोहरीएवढ्या गाठी धरतात. काही ठिकाणी यकृत वाचवायला त्यावर शिसं ठेवतात; पण शिशाच्या आडोशाला डायफ्रॅमही येतो. इथे यकृत झाकत नाहीत. त्याऐवजी मात्राच बेताची ठेवतात, 2250 रॅड. मूत्रपिंडांना मात्र पाठीकडून शिशाची आड.

जाड दार लागतं. खोलीत तुम्ही एकट्या. यंत्रात काहीतरी सरकल्याचा आवाज होतो आणि कोबाल्ट-60चा झोत ठरलेल्या पट्ट्यावर पडतो. पुढे तोच पट्टा रेघेरेघेने सरकत सगळं पोट व्यापेल. ऊब नाही, टोचणी नाही. किरण दुखत नाहीत म्हणणारे खोटं बोलत नाहीत, फक्त टेबलावरचंच सांगतात. घरी गेल्यावरच्या उलट्या, जुलाब, अन्नाचा वाससुद्धा नकोसा होणं तुमच्या वाट्याला. रक्तातल्या पेशी फार घटल्या, तर मध्येच सुट्टी. आतड्याला पुढे कधी अडथळा होईल, ती धास्ती वेगळीच.

आता 1979मध्ये या. प्रिन्सेस मार्गारेटच्याच अलोन डेम्बो, रेमंड बुश आणि सहकाऱ्यांनी त्या चिठ्ठ्यांच्या चाचणीचा निकाल छापला आहे. ऑपरेशन पुरतं झालेल्या बायकांमध्ये सबंध पोटाला किरण घेतलेल्या जास्त जगल्या. फायदा झाला तो पोटाच्या वरच्या भागातला रोग आटोक्यात आल्यामुळे. मोठी गाठ मागे राहिलेल्यांना मात्र ही मात्रा पुरेना, आणि वाढवावी तर आतडं सोसेना.

गंमत अशी, की आदल्याच वर्षी अमेरिकेत सिसप्लॅटिनला मंजुरी मिळाली होती. रक्तातून जाणाऱ्या औषधाला ना रेघा लागतात, ना शिशाची आड. पुढच्या काळात सबंध पोटाचे किरण जवळजवळ मागे पडले. टोरोंटोवाले चुकले, असं मला वाटत नाही. रोग कुठवर जातो हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हातातलं हत्यार तिथवर पुरेसं चालवता येत नव्हतं.

आज याच आजारासाठी तुम्ही किरणांच्या टेबलावर आलात, तर बहुधा एखाद्याच जागेसाठी: परत आलेली एकटी गाठ, किंवा योनीमार्गातून न थांबणारा रक्तस्राव. तेव्हा निशाणी आडव्या रेघांची नसते. सीटी स्कॅनवर आखलेल्या जागेसाठी दोनतीन ठिपके पुरतात, आणि रक्त थांबवायला कधी मोजक्याच फेऱ्या.