अडलेल्या बाळंतिणीची वाट

बाळंतीण ‘अडली’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत इतका रुळलेला होता की, त्यामागे किती प्रहरांची जीवघेणी प्रतीक्षा दडलेली आहे, याचा विचार क्वचितच कोणी करी. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत ही प्रतीक्षा इस्पितळाच्या दारात नव्हे, तर बहुधा बाळंतिणीच्या काळोख्या खोलीतच घडे. सुईणीचे उपाय थकल्यावरही, परपुरुष डॉक्टरास आत घेण्याची परवानगी वडीलधाऱ्यांकडून मिळेपर्यंत, रक्तस्राव काही कोणासाठी थांबत नसे. या खोळंब्याची काही तजवीज व्हावी म्हणून पेस्तनजी होरमसजी कामा यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि १८८६ साली, स्त्री-डॉक्टरांनीच स्त्रियांसाठी चालवावयाचे कामा इस्पितळ डॉ. एडिथ पेची यांच्या देखरेखीखाली उघडले. त्याच वर्षी, आपले दहा दिवसांचे मूल पूर्वी गमावून बसलेल्या आनंदीबाई जोशी, आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. हा योगायोग माझ्या अंतःकरणास फार भिडतो. दार उघडले खरे. परंतु देशावरील एखाद्या खेड्यातून, कळा सोशीत, बैलगाडीने निघालेल्या बाईला ते फार दूर होते.