मे महिन्यातील जंगल सफारी आणि उष्माघात : काय काळजी घ्यावी?

उन्हाळ्यात जंगलातले बरेच पाणवठे आटतात. उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता वाढते. म्हणून आर्वी परिसरातील अनेक कुटुंबे मे महिन्यात बोर व्याघ्र प्रकल्पात किंवा मेळघाटात जातात. याच दिवसांत वर्धा जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला थोडा गारवा मिळतो. पण तिथवरचा प्रवास उन्हातूनच होतो.

धोका कोणाला जास्त?

- लहान मुले, गर्भवती, ६० वर्षांवरील व्यक्ती
- हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेले रुग्ण
- लघवी वाढवणाऱ्या, मानसिक आजाराच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या घेणारे. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.
- सिकलसेलचे रुग्ण. विदर्भात हा आजार बराच आढळतो. शरीरातील पाणी कमी झाल्यास तीव्र वेदना सुरू होऊ शकतात.
- मुंबई-पुण्याहून किंवा परदेशातून आलेले पाहुणे. शरीराला अशा उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

निघण्यापूर्वी

- शक्यतो सकाळची फेरी घ्या. सुती, सैल कपडे घाला. डोक्याला दुपट्टा बांधा.
- तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या. ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. पाणी मोजून पिण्याचा सल्ला असलेल्या रुग्णांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.
- इन्सुलिन किंवा मुलांना बंद गाडीत ठेवू नका.
- खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचे थांबत नाही. ताक, पन्हे मात्र उपयोगी पडते.

लक्षणे ओळखा

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, खूप घाम ही उन्हाच्या थकव्याची लक्षणे आहेत. सावलीत झोपवा, पाय थोडे उंच ठेवा, ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, तर रुग्णालयात न्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी शरीराचे तापमान सहसा ४० अंश सेल्सिअसच्या वर असते. घाम येत असला तरीही उष्माघात असू शकतो.

उष्माघात झाल्यास

आधी शरीर थंड करा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबू नका.

1. सफारीत असाल, तर मार्गदर्शकाला लगेच सांगून गाडी प्रवेशद्वाराकडे वळवा. जंगलात अनेक ठिकाणी मोबाइल लागत नाही. रेंज येताच १०८ वर फोन करा.
2. जादा कपडे काढा. अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा व जांघेत बर्फ किंवा ओले कापड ठेवा.
3. शुद्ध नसल्यास कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका.
4. पॅरासिटामॉल देऊ नका. उष्माघातात त्याचा उपयोग होत नाही.

गाडीतही अंग थंड करणे चालू ठेवा. इथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रुग्णाला बरे वाटू लागले, तरी तपासणी करून घ्याच.