युद्धकाळातील वचने : हैदराबाद आणि हेजाझ

चांद्याहून निघून वर्धा नदी ओलांडली म्हणजे राजुऱ्याचा मुलूख लागतो. आणि राजुऱ्याच्याही पलीकडे डोंगर चढून गेल्यावर माणिकगडाच्या रांगेत जिवती हे गाव येते. गोंड, कोलाम आणि बंजारा लोकांची ही वस्ती. आज हा भाग महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो. परंतु १९४८ सालापर्यंत तेथे अंमल होता तो हैदराबादच्या निजामाचा. नदीच्या एका तीरावर बल्लारपूर इंग्रजी राज्यात आणि दुसऱ्या तीरावर राजुरा निजामी राज्यात, अशी ही मोठी विलक्षण सरहद्द होती. दोन्ही तीरांवर सोयरेधायरे तेच आणि देवदैवतेही तीच. निराळी होती ती केवळ कचेरी आणि नाणे.

ही सरहद्द युद्धातील दोस्तीने आखली. १८०३ साली नागपूरकर भोसल्यांचा अडगाव व गाविलगड येथे पराभव झाला आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह होऊन त्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील आपला हक्क सोडला. इंग्रजांनी हा मुलूख स्वतःजवळ न ठेवता आपला दोस्त निजाम याच्या पदरी घातला. त्यापूर्वी तीनच वर्षे, १८०० सालच्या तहात, निजामाच्या मुलांशी, आप्तांशी, प्रजेशी व चाकरांशी कंपनीला काहीही कर्तव्य नाही, त्या बाबतीत निजाम सर्वस्वी स्वतंत्र आहे, असे अभिवचन कंपनीने दिले होते. टिपूच्या राज्यातून मिळालेले प्रांत त्याच तहान्वये तैनाती फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली करून निजामाने त्या वचनाची किंमत आगाऊच चुकती केली होती.

पुढे घडले ते असे. तैनाती फौजेखेरीज ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची आणखी एक फौज इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली उभी राहिली आणि तिचा खर्च निजामाच्या खजिन्यावर पडू लागला. खर्च थकला, थकबाकीचे कर्ज झाले, आणि १८५३ साली डलहौसीने त्या कर्जाकडे बोट दाखवून वऱ्हाड प्रांत इंग्रजी व्यवस्थेखाली घेतला. जे दोस्तीपायी दिले ते कर्जापायी परत घेतले! १८५७ च्या धामधुमीत निजाम आणि त्याचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूस राहिले. त्याचे इनाम म्हणून १८६० साली रायचूर दुआब व धाराशिव परत मिळाले, सुरापूरचे संस्थान मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र परत आले नाही. सालारजंगांनी त्यासाठी जन्मभर खटपट केली, पण ती निष्फळ ठरली. अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाकडून नवा करार करून घेतला आणि सालीना पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची आणि मुदत अनंत काळची, असा हा पट्टा होता.

अशा स्थितीत १९१४ सालचे महायुद्ध आले. नोव्हेंबरच्या आरंभी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात ओढले गेले आणि इंग्रजांपुढे एक नवाच पेच उभा राहिला. तुर्कस्तानचा सुलतान हा केवळ राजा नव्हता. तो खलिफाही होता. त्याच्या नावाने जिहादची हाक निघाली. हिंदी सैन्यात मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांनी ही हाक ऐकली असती तर काय झाले असते, या विचाराने सिमल्यापासून लंडनपर्यंत सर्वांना ग्रासले. म्हणून हिंदुस्थान सरकारने तत्काळ जाहीर केले की, अरबस्तानातील पवित्र स्थळांना, इराकातील दर्ग्यांना आणि जेद्दा बंदराला हिंदी यात्रेकरूंना उपद्रव होत नाही तोवर धक्का लागणार नाही. परंतु परकीय सरकारच्या जाहीरनाम्याहून स्वधर्मीय राजाच्या शब्दाचे वजन अधिक. तो शब्द सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने दिला. हिंदुस्थानातील मुसलमानांनी इंग्रज सरकारशी राजनिष्ठच राहावे, असा जाहीरनामा त्याने काढला. फौजेच्या खर्चासाठी साठ लाख रुपये दिले. हैदराबादचे लान्सर स्वार इजिप्त व पॅलेस्टाइनपर्यंत गेले. पुढे विमानांसाठीही पैसा दिला, आणि इंग्रजी हवाई दलाच्या एका तुकडीस हैदराबादचे नाव मिळाले.

ज्या हेतूने इंग्रजांनी हैदराबादकडे पाहिले, त्याच हेतूने ते मक्केकडेही पाहत होते. मक्केचा शरीफ हुसेन हा पैगंबरांच्या वंशातला. खलिफाची हाक निष्प्रभ करावयास त्याच्याहून योग्य माणूस कोठला? जुलै १९१५ पासून मार्च १९१६ पर्यंत इजिप्तमधील इंग्रज हायकमिशनर सर हेन्री मॅकमहॉन आणि शरीफ यांच्यामध्ये खलिते चालले. २४ ऑक्टोबर १९१५ च्या खलित्यात मॅकमहॉनने अरबांच्या स्वातंत्र्यास मान्यता देण्याचे वचन दिले. परंतु दमास्कस, होम्स, हामा व अलेप्पो यांच्या पश्चिमेकडील भाग त्यातून वगळला आणि बगदाद व बसरा येथे खास व्यवस्था राहील असे सुचविले. पॅलेस्टाइनचे नाव त्यात कोठेच नव्हते. ते वचनाच्या आत की बाहेर, यावर पुढे अनेक वर्षे वाद माजला. त्याच सुमारास इकडे हिंदुस्थान सरकारच्या वतीने सर पर्सी कॉक्स याने शरीफाचा प्रतिस्पर्धी इब्न सौद याच्याशी २६ डिसेंबर १९१५ रोजी वेगळाच तह केला. कैरोचा दोस्त एक आणि सिमल्याचा दोस्त दुसरा! १९१६ च्या मे महिन्यात इंग्रज व फ्रेंच यांनी अरब मुलखाची आपसात गुप्त वाटणी ठरविली. जून महिन्यात अरबांनी तुर्कांविरुद्ध शस्त्र उचलले. पुढल्या वर्षी २ नोव्हेंबरला बाल्फोरने ज्यू लोकांना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय वसतिस्थान देण्याची घोषणा केली. एका शेतासाठी तीन इसार घेतल्यासारखाच हा व्यवहार झाला.

युद्ध संपताच वचनांचे वजन उतरू लागले. शरीफाचा पुत्र फैसल दमास्कसच्या गादीवर बसला, आणि जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी त्यास तेथून हुसकावले. पुढल्या वर्षी इंग्रजांनी त्याला इराकची गादी दिली. परंतु हुसेनच्या पदरी उरले ते केवळ हेजाझ. तेही १९२४ साली इब्न सौदच्या स्वारीपुढे गेले. एके काळचा हा दोस्त सायप्रस बेटात परागंदा होऊन राहिला आणि १९३१ साली अम्मान येथे मरण पावला.

हैदराबादच्या पदरी काय पडले? १९१८ साली निजामास ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हे बिरुद मिळाले. निजामाने ‘दोस्त’ हा शब्द खरा मानला, आणि येथेच त्याची चूक झाली. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यास पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. वऱ्हाडच्या लोकांना स्वराज्याचे अधिकार देऊ, असेही त्यात म्हटले. १९२५ साली नकार आला. निजामाने पुन्हा लिहिले की, परराष्ट्रीय व्यवहार सोडले तर आपण आणि इंग्रज सरकार समान पायरीवर आहोत, सबब एका पक्षाचा नकार हा निकाल होऊ शकत नाही. रीडिंग हा पूर्वी इंग्लंडचा सरन्यायाधीश होता. २७ मार्च १९२६ रोजी त्याने निकालपत्रच पाठविले : हिंदुस्थानात ब्रिटिश मुकुटाची सत्ता सार्वभौम आहे, तिच्याशी समान नात्याने बोलण्याचा अधिकार कोणाही संस्थानिकास नाही, आणि हे श्रेष्ठत्व तहांवर अवलंबून नसून तहांहून निराळे, स्वतंत्र आहे. १८०० साली तहाने जे दिले, ते सव्वाशे वर्षांनी तहाबाहेरच्या एका तत्त्वाने पुसले गेले.

इंग्रज मुत्सद्दी सरसहा खोटे बोलत, असे म्हणून या प्रकरणाचा निकाल लावणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. त्यांचे कौशल्य निराळे होते. अक्षर राखावे आणि अर्थ मोकळा ठेवावा, ही त्यांची रीत. वऱ्हाडवरील निजामाची मालकी त्यांनी कधीच नाकारली नाही. तिचा उपभोग तेवढा नाकारला. १९३६ च्या करारात ती मालकी पुन्हा मान्य झाली, युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि वऱ्हाडचा कारभार पूर्ववत नागपुरातूनच चालू राहिला. अरबांच्या खलित्यांतही हेच घडले. वचन मोडले असे म्हणावे तर अपवादाचे वाक्य दाखविता येई. पाळले म्हणावे तर नकाशा तसे सांगत नसे.

दुसऱ्या महायुद्धात निजामाने पुन्हा मुक्त हस्ताने साहाय्य केले. त्याच्या पैशाने बांधलेली ‘निजाम’ नावाची विनाशिका ऑस्ट्रेलियन आरमारात लढली. परंतु १२ मे १९४६ च्या निवेदनात इंग्रजांनी सांगून टाकले की, आपली सार्वभौम सत्ता संपुष्टात येईल आणि संस्थानिकांनी आपली व्यवस्था आपण पाहावी. पुढल्या वर्षीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याने १५ ऑगस्टपासून सारे तह रद्द झाले. निजामाने तक्रार केली. ती ऐकणारे जहाजात बसण्याच्या तयारीत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी फौजा हैदराबादेत शिरल्या आणि पाच दिवसांत प्रश्न सुटला.

निजामाचा विश्वासघात झाला, हे खरे. पण त्याने दयेस पात्र व्हावे असे या कथेत फारसे काही नाही. ज्या वऱ्हाडासाठी तो भांडला, तेथील पुढाऱ्यांना त्याच्या राज्यात परत जाणे नको होते. आणि ज्या मुलखावर त्याचा अंमल निर्वेध होता, तेथे काय चालले होते? ‘विश्वासू दोस्त’ वऱ्हाडच्या मालकीचा मान जपत होता, त्याच काळात जिवतीला लागूनच असलेल्या आसिफाबादच्या डोंगरांत गोंड आपल्या पायाखालची जमीन गमावत होते. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते अतिक्रमण ठरली, आणि १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यानंतर जागे होऊन सरकारने हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास चौकशीस पाठविले आणि पुढे गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले. राजाने राजाला दिलेल्या वचनांची दप्तरे भरली. प्रजेला वचन द्यावे हे मात्र गोळीबारानंतर सुचले.

१९५६ साली राजुरा तालुका मुंबई राज्यात आला आणि पुढे चांदा जिल्ह्यास जोडला गेला. तरीही जिवतीच्या डोंगरातील काही गावांवर दोन राज्यांनी हक्क सांगण्याचा प्रकार त्यानंतरही कित्येक वर्षे चालला. एकाच घरात दोन्हीकडच्या शिधापत्रिका असत. मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, हा वऱ्हाडचा जुना खेळ येथे लहान प्रमाणावर पुन्हा खेळला गेला. फरक एवढाच की, हैदराबाद आणि मक्का येथे गरज सरताच वचन सरले. येथे मात्र गावकऱ्याच्या हाती मत आहे, आणि त्याची गरज दर पाच वर्षांनी पुन्हा निर्माण होते. संकटकाळी दिलेला शब्द दात्याची गरज असेपर्यंतच टिकतो, हा या दीड शतकाच्या इतिहासाचा बोध आहे. म्हणून शब्द घेणाऱ्याने कागदावरील अक्षरांपेक्षा आपली गरज टिकविण्याकडे अधिक लक्ष द्यावे, हेच शहाणपणाचे.