घटस्फोट किंवा फारकत झाली असेल, तर मुलाला परदेशात कसं नेता येतं?

समजा, बीड जिल्ह्यातल्या धारूरची एक नर्स आहे. पुण्यातल्या खासगी हॉस्पिटलमध्ये नोकरी करता करता तिने जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि आता तिकडच्या हॉस्पिटलचं ऑफर लेटर हातात आहे. नवऱ्यापासून ती चार वर्षं वेगळी राहते. दोन्हीकडची माणसं बसली, नोटरीकडे स्टँप पेपरवर फारकत लिहिली गेली आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. नऊ वर्षांचा मुलगा धारूरला आजीजवळ असतो. मुलाला सोबत न्यायचं ठरलं, तेव्हा व्हिसाच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न समोर आले: तुमची वैवाहिक स्थिती काय? आणि मुलाच्या दुसऱ्या पालकाची संमती आहे का?

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी अशी परिस्थिती आता दुर्मीळ राहिलेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परदेशी जाण्याचा विचार आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही, तालुक्याच्या गावातली मुलंमुलीही भाषेचे क्लास लावतात. नोकरी, भाषा आणि पैसा यांची तयारी लोक नीट करतात. मोडलेल्या संसाराचे कागद मात्र शेवटच्या महिन्यात शोधायला घेतात आणि नेमके तेच कागद मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

नोटरीची फारकत चालते का?

बहुतेक वेळा नाही. मराठवाड्यात अनेक समाजांत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी अशा नावांनी पंचांसमोर वेगळं होण्याची रीत आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९(२) नुसार रूढीने मिळणारा घटस्फोट कायद्याने रद्द केलेला नाही. अडचण पुढे येते. आपल्या समाजात अशी रूढी जुन्या काळापासून सलग चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. नुसता 'आम्ही राजीखुशीने वेगळे झालो' असा कागद पुरत नाही. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयाने नोटरींना लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करून देण्याचा अधिकार नाही, अशी आठवण करून दिली.

दूतावासातल्या अधिकाऱ्याला काडीमोड म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. तो कोर्टाचा हुकूमनामा मागतो. मुस्लिम कुटुंबांतही हाच अनुभव येऊ शकतो. तलाकनामा किंवा खुलानामा हातात असला, तरी विवाह संपल्याचं कोर्टाकडून घोषित करून घेतलेलं असेल तर पुढचा मार्ग सोपा होतो.

फारकत झाली असेल तर दोन रस्ते उरतात. एक, त्याच जोडीदारासोबत कलम १३-ब खाली परस्पर संमतीने रीतसर घटस्फोट घेणं. यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. दुसरा रस्ता, रूढीचा घटस्फोट कोर्टाकडून जाहीर करून घेणं. तो लांबचा आहे.

फॉर्ममध्ये 'घटस्फोटित' लिहायचं की 'विवाहित'?

कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विवाहित आहात, मग दहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसलं तरी. काही देशांच्या फॉर्ममध्ये 'विभक्त' असा वेगळा रकाना असतो. कॅनडाच्या फॉर्ममध्ये तो आहे. जिथे असेल तिथे तोच भरावा. कलम १० खालचा न्यायिक विभक्ततेचा हुकूमही घटस्फोट नसतो. त्याने एकत्र राहण्याची सक्ती संपते, लग्न संपत नाही.

एजंट इथे हमखास चुकीचा सल्ला देतात. "कशाला भानगड, अविवाहित लिहा" किंवा "मूल सासरी असतं ना, मग दाखवूच नका." मूल लपवणं सगळ्यात महागात पडतं. कॅनडात कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्ज करताना सगळी मुलं दाखवावी लागतात, सोबत येणारी असोत वा नसोत, ताबा कोणाकडेही असो. जे मूल त्या वेळी दाखवलं नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून बोलावण्याचा हक्क सर्वसाधारणपणे जातो. आज नवऱ्याकडे असलेली मुलगी पाच वर्षांनी "आई, मला तुझ्याकडे यायचंय" म्हणाली, तर हा एक रिकामा रकाना आडवा येऊ शकतो.

मुलाचा पासपोर्ट: लोकांना वाटतं तेवढा अवघड नाही

डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बरेच सैल केले. विभक्त किंवा घटस्फोटित अर्जदाराला स्वतःच्या पासपोर्टसाठी जोडीदाराचं नाव द्यावं लागत नाही, घटस्फोटाचा हुकूमनामाही जोडावा लागत नाही. मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालक राजी असतील तर परिशिष्ट 'ड' भरायचं. एका पालकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट 'क' आहे. त्यात दुसऱ्या पालकाची सही का नाही याचं कारण साध्या कागदावर प्रतिज्ञेसह लिहून द्यायचं असतं, नोटरीची गरज नसते. कोर्टात ताब्याचा वाद चालू असेल तर तो लपवायचा नाही. कोर्टाने मनाई केली असेल तर पासपोर्ट मिळणार नाही.

मुलाचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा किंवा वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी होईल तेवढा असतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्र चालतं. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या दाखल्यात मुलाचं किंवा आईचं नाव चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

पासपोर्ट हातात पडला की अर्धं काम झालं असं वाटतं. पण पासपोर्ट म्हणजे मुलाला देशाबाहेर कायमचं नेण्याची परवानगी नव्हे.

'ताबा आईकडे' एवढं लिहिलेलं का पुरत नाही?

आपल्याकडे परस्पर संमतीच्या घटस्फोटात मुलाबद्दल बहुतेकदा दोन ओळी असतात: मुलाचा ताबा आईकडे राहील, वडील महिन्यातून दोनदा भेटतील. गावात राहायचं असेल तोवर यात काही अडत नाही. पण व्हिसा अधिकारी ही दुसरी ओळही वाचतो. वडिलांना भेटीचा हक्क आहे, म्हणजे मूल जर्मनीला गेलं तर तो हक्क बुडणार, आणि त्याला वडिलांची संमती कुठे आहे?

यात ताबा आणि पालकत्व यांतला फरकही आहे. ताबा म्हणजे मूल राहतं कोणाजवळ. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने मोठे निर्णय घेण्याचा अधिकार. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं म्हटलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ वडील वारल्यावर असा न घेता त्यांच्या अनुपस्थितीत असा लावला. वडील मुलाकडे ढुंकूनही पाहत नसतील तर आईच पालक. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं, असंही हाच कायदा सांगतो. आणि कलम १३ नुसार या सगळ्याच्या वर मुलाचं हित.

म्हणून संमतीचा घटस्फोट अजून व्हायचा असेल तर वकिलांकडून अटींमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. मुलाचा पासपोर्ट काढायला व नूतनीकरणाला दुसऱ्या पालकाची वेगळी सही लागणार नाही. मुलाला परदेशात शिक्षणासाठी आणि कायम राहण्यासाठी नेण्यास त्याची संमती आहे. आणि परदेशात गेल्यावर भेटी कशा होतील, म्हणजे व्हिडिओ कॉल किती वेळा आणि सुट्टीत गावी येणं कधी. तिसरी अट वडिलांच्या फायद्याची दिसते, पण कोर्टाला पहिल्या दोन मंजूर करायला तीच मदत करते.

समोरचा माणूस सही देत नसेल, किंवा सापडतच नसेल?

मग कोर्टात जावं लागतं. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा खटला चालू असेल किंवा निकाल लागलेला असेल, तर कलम २६ खाली त्याच कोर्टात ताब्याचा अर्ज करता येतो, आधीच्या आदेशात बदलही मागता येतो. नाहीतर पालक व पाल्य कायदा, १८९० आहे. या कायद्यात मूल 'सर्वसाधारणपणे जिथे राहतं' तिथलं कोर्ट लागतं. बालाघाटातल्या गावांत हा मुद्दा कळीचा आहे. आई-बाप कोयता घेऊन सहा महिने कारखान्यावर किंवा पुण्यात कामाला, आणि मूल आजीजवळ गावात, शाळाही तिथेच. अशा वेळी मुलाचं राहणं बीड जिल्ह्यातलं धरलं जाण्याची शक्यता जास्त, आई कुठेही नोकरी करत असो. शाळेचा दाखला आणि अंगणवाडीची नोंद इथे पुरावा म्हणून कामी येते.

घरात मारहाण किंवा छळ झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. हा अर्ज बाई सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात चालतो. तात्पुरता ताबा परदेशी नेण्यासाठी पुरेल असं मात्र समजू नका.

नवऱ्याचा पत्ताच नसेल तर कोर्ट शेवटच्या पत्त्यावर नोटीस काढतं, ती पोहोचली नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते, आणि तरीही कोणी आलं नाही तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. एक गोष्ट वकीलही कधीकधी विसरतात. कोर्टाने तुम्हाला पालक नेमलं असेल, तरी १८९० च्या कायद्याच्या कलम २६ नुसार मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर नेण्यासाठी परवानगी लागते. अर्जातच परदेशी नेण्याची परवानगी मागितली की दुसरा फेरा वाचतो.

कोर्ट काय पाहतं? तिकडे मुलाला सांभाळणार कोण, शाळा कोणती, पगार किती, आणि मागे राहणाऱ्या पालकाशी नातं टिकणार कसं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मतही विचारात घेतलं जातं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

देश बदलला की प्रश्नाचं रूप बदलतं

जर्मनीत ताबा दोघांचा असेल, तर एका पालकाकडे मुलाला येण्यासाठी दुसऱ्याची संमती किंवा सक्षम यंत्रणेचा बंधनकारक निर्णय लागतो. मूल १६ वर्षांचं होण्याआधी अर्ज केलेला बरा, त्यानंतर काही परिस्थितींत भाषेच्या अटी कडक होतात. ऑस्ट्रेलियात मुलाने कुठे राहावं हे ठरवण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या प्रत्येकाची संमती किंवा तसा कायदेशीर आधार पाहिला जातो. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना मुलं सोबत आणण्याची सोयच बंद केली, त्यामुळे तिथे संमतीचा प्रश्न यायच्या आधीच दार बंद होतं. नर्सच्या व्हिसाला ही बंदी लागू झाली नाही. एजंट या दोन नोकऱ्या एकाच तोंडाने सांगतो, म्हणून ऑफर लेटरवर पदाचं नाव नीट वाचा.

न विचारता नेलं तर काय होतं?

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतचा १९८० चा हेग करार भारताने केलेला नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावं असं सुचवलं होतं. पण २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने तसं न करण्याकडे कल दिला. कराराचा एक परिणाम परदेशातून मूल घेऊन माहेरी परतलेल्या बायकांवर होईल, ही त्यामागची मोठी चिंता होती. त्यामुळे अशी प्रकरणं भारतातली न्यायालयं एकेक करून ठरवतात.

महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण पुण्याचं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या कोर्टाने मुलाचा ताबा अमेरिकन आईला दिला होता. जानेवारी १९८६ मध्ये भारतीय वडिलांनी तिला न कळवता मुलाला पुण्यात आणलं. आई थेट सर्वोच्च न्यायालयात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने मूल तिच्या हवाली केलं. आता मात्र परदेशी कोर्टाचा आदेश आपोआप पाळला जात नाही. २०१७ च्या नित्या आनंद राघवन निकालानंतर तो विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक ठरतो, शेवटचा निकष मुलाचं हित.

उलट दिशेचं प्रकरण जास्त बोलकं आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका मुलाला केनियात वडिलांकडे पाठवायला परवानगी दिली. अट अशी की नैरोबीच्या कोर्टातूनही तसाच आदेश आणायचा, म्हणजे आईचा भेटीचा हक्क तिकडेही बांधील राहील. अशा आदेशाला 'मिरर ऑर्डर' म्हणतात. वडिलांनी अटी पाळल्या नाहीत. २०२१ मध्ये न्यायालयाने आपलाच आदेश मागे घेतला, २०२२ मध्ये वडिलांना अवमानाबद्दल तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पण मूल तोवर केनियात होतं. मागे राहणारा पालक तुम्ही असाल, तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी मिरर ऑर्डरची अट घालता येते, हे माहीत असलेलं बरं.

नवऱ्याने परदेशातच घटस्फोट घेतला असेल तर?

अमेरिकेतल्या कोर्टाचा कागद ईमेलने धारूरला आला म्हणून बायको इथे घटस्फोटित ठरत नाही. १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार, ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातलं कारण त्या घटस्फोटाला असायला हवं, आणि पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार मान्य करून भाग घेतलेला किंवा घटस्फोटाला संमती दिलेली असायला हवी. तसं नसेल तर तो इकडे सहसा टिकत नाही. यातून विचित्र स्थिती होते: नवरा तिकडे मोकळा, बायको इकडे विवाहित. अशा बाईने स्वतः परदेशी जाण्याचा अर्ज करण्याआधी इथल्या कोर्टातून स्थिती स्पष्ट करून घ्यावी. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र कक्ष आहे.

फौजदारी बाजूही तपासा. ४९८-अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) खाली ज्याच्यावर खटला चालू आहे, त्याला पासपोर्ट आणि प्रवासासाठी त्या कोर्टाची परवानगी लागू शकते. समेट झाला आणि तक्रार 'तोंडी' मागे घेतली, तरी खटला रद्द झाल्याचा कोर्टाचा आदेश नसेल तर पोलीस पडताळणीत तो दिसतोच.

कागद जमले की हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत कोर्टातून घ्या, झेरॉक्स चालत नाही. ती मराठीत असेल तर अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर करा. मग राज्य पातळीवर साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का. काही देश भारतीय जन्मदाखला किंवा हुकूमनामा अपोस्टिलऐवजी आपल्या पद्धतीने तपासून घेतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या वाणिज्य दूतावासाची यादी पाहा. दुसऱ्या पालकाच्या संमतीपत्रावर मुलाचा पासपोर्ट क्रमांक, देशाचं नाव आणि 'कायम वास्तव्यासाठी' हे शब्द हवेत. 'फिरायला जाण्यास हरकत नाही' असं लिहिलेलं पत्र पर्यटक व्हिसाच्या पुढे चालत नाही.