फायरवॉलची पूर्वस्थिती आणि वेब-व्यवस्थापनाचा प्रवेश : ‘पिक्स’च्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

संगणक-जाळ्यांच्या सुरक्षेचा इतिहास बहुधा हल्ले व प्रतिकार यांच्या कथनातून मांडला जातो. प्रशासकाच्या नित्य अनुभवातील एक प्रसंग त्यात क्वचितच येतो. फायरवॉलची मांडणी पुसून ती पूर्वस्थितीत आणली, की ज्या वेबपानावरून तिचे व्यवस्थापन चालते ते पानच उघडेनासे होते. हा यंत्राचा दोष समजला जातो. परंतु सिस्को कंपनीच्या ‘पिक्स’ या फायरवॉलचा इतिहास पाहता तो तिच्या जडणघडणीचाच परिणाम असल्याचे दिसते.

‘पिक्स’ची निर्मिती १९९४ मध्ये अमेरिकेतील नेटवर्क ट्रान्सलेशन या छोट्या कंपनीत जॉन मेयस व ब्रँटली कॉइल यांनी केली. इंटरनेट पत्त्यांच्या टंचाईवर उपाय शोधणे, म्हणजे कार्यालयातील अनेक खाजगी पत्ते मोजक्या सार्वजनिक पत्त्यांत बदलून देणे, हा तिचा मूळ हेतू होता. १९९५ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. नव्या यंत्राशी पहिला संवाद कन्सोल पोर्टला जोडलेल्या सिरियल केबलवरून, सेकंदाला ९६०० बिट या गतीने होत असे. वेबपान त्यानंतर २००१ मध्ये, ६.० या आवृत्तीबरोबर, ‘पिक्स डिव्हाइस मॅनेजर’ या नावाने आले. वेब ही जुन्या पायावर मागाहून घातलेली भर होती.

हा क्रम लक्षात घेतला म्हणजे पुढील गोष्टी उलगडतात. ‘राइट इरेज’ ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू केले असता साठविलेली मांडणी नाहीशी होई; तिच्याबरोबर वेब-सर्व्हर चालू करणारी आज्ञा व प्रवेशास पात्र संगणकांची नोंदही जाई. मग यंत्र कन्सोलवर एकामागून एक प्रश्न विचारीत असे : संकेतशब्द, दिनांक व वेळ, आतील जाळ्याचा पत्ता, यंत्राचे नाव, डोमेनचे नाव, आणि शेवटी ज्या संगणकावरून डिव्हाइस मॅनेजर चालवावयाचा त्याचा पत्ता. हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. वस्तुतः वेबपानाशी होणारा संवाद एसएसएल पद्धतीने सांकेतिक केलेला असे आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र यंत्र स्वतःच तयार करी. त्यात यंत्राचे व डोमेनचे नाव लागे. वैध प्रमाणपत्रासाठी घड्याळही लावलेले असावे लागे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर तर पान कोणास दिसावे हेच ठरे. पुष्कळांची अडचण याहून साधी असे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘एचटीटीपी’ लिहिल्यास काहीच उघडत नसे!

छोट्या कार्यालयांसाठीच्या ‘५०१’ या नमुन्यात कारखान्यातील मांडणी परत आणण्याची निराळी आज्ञा होती. तिने आतील पत्ता १९२.१६८.१.१ होई व आतील जाळ्यापुरते वेबपानही सुरू होई. बाहेरील बाजू तेव्हाही बंदच राही.

या सावधगिरीचे मोल पुढे स्पष्ट झाले. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, ‘सिसा’ने, तेथील संघीय नागरी कार्यालयांना आदेश दिला की इंटरनेटवर उघडी आढळलेली व्यवस्थापन-पाने १४ दिवसांत तेथून हटवावीत किंवा स्वतंत्र प्रवेश-नियंत्रणाखाली आणावीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या फायरवॉलमधील एक त्रुटी प्रसिद्ध झाली. व्यवस्थापनाच्या वेबपानापर्यंत पोचू शकणाऱ्या परक्यास तीमुळे संकेतशब्दाशिवाय प्रशासकाचे अधिकार मिळत होते. हा प्रवेश विश्वासातील अंतर्गत पत्त्यांपुरता मर्यादित ठेवावा, असे कंपनीने ग्राहकांस सुचविले. ‘पिक्स’च्या प्रश्नावलीतील अखेरचा प्रश्न याच मर्यादेविषयी होता.

‘पिक्स’ची विक्री २००८ मध्ये थांबली आणि २०१३ मध्ये तिचे साहाय्यही संपले. एखाद्या संस्थेच्या कपाटात जपून ठेवलेल्या ‘पिक्स’ची मांडणी आज बिनचूक केली, तरी तिचे वेबपान नव्या ब्राउझरमध्ये चालणार नाही. ते जावा ॲप्लेटवर आधारलेले होते, आणि जावाच्या प्लगिनचा आधार क्रोमने २०१५ मध्ये, तर फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढून घेतला. कन्सोलवरील प्रश्नावली मात्र पूर्वीच्याच गतीने उमटते. नव्या संगणकांना बहुधा सिरियल पोर्ट नसल्यामुळे मध्ये यूएसबीचा अडॅप्टर लावावा लागतो, एवढेच.